७००आर४: गिअरबॉक्स खाली उतरवण्याआधी

ट्रक पहिल्या गिअरमध्ये नीट उचलतो. पण दुसरा पडत नाही. इंजिन पहिल्यातच ओरडत राहतं आणि मग एकदम तिसरा लागतो. हायवेवर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, येत नाही, आणि रिव्हर्स टाकला तर ट्रक जागचा हलत नाही. ७००आर४ गिअरबॉक्सच्या जुन्या शेवरले किंवा जीएमसी पिकअपमध्ये ही लक्षणं एकत्र दिसली तर गिअरबॉक्सने आपला आजार जवळजवळ नाव घेऊन सांगितलाय. सन शेल गेला. हे वाटीच्या आकाराचं, मध्ये खाचा असलेलं पोलादी पत्र्याचं कवच. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स या तिन्ही वेळी भार याच कवचावर येतो. खाचा झिजल्या किंवा मानेला तडा गेला की हे तिन्ही गिअर एकदम जातात. पहिल्या आणि तिसऱ्यात त्याच्यावर भार नसतो, म्हणून ते दोन शाबूत राहतात.

ऑटोमॅटिक म्हणजे बंद पेटी, आत काय चाललंय ते कळत नाही, बिघडली की उतरवा आणि दुसरी बसवा, असं मानलं जातं. ते खरं नाही. कोणता गिअर राहिला आणि कोणता गेला हे नीट लिहून काढलं तर निम्मं निदान ट्रकखाली न जाताच होतं. उरलेल्या निम्म्यातला मोठा भाग ऑइल आणि एका केबलपाशी संपतो.

भारतात ट्रक म्हटलं की दहा टायरची गाडी डोळ्यांसमोर येते. इथे बोलतोय ते अमेरिकेतल्या अर्ध्या टनाच्या पिकअपबद्दल. ७००आर४ हा जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक १९८२ मध्ये आला. १९९० मध्ये त्याचंच नाव ४एल६० झालं, आणि १९९३ पासून ट्रकमध्ये त्याची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती, ४एल६०ई, बसू लागली. तुमच्या ट्रकमध्ये कोणता आहे हे ओळखायला बॉनेट उघडा. थ्रॉटलपासून (पेडल दाबल्यावर इंजिनात हवा सोडणारी झडप) एक जादा केबल खाली गिअरबॉक्सकडे गेलेली दिसली तर तो जुना, संपूर्ण ऑइलच्या दाबावर चालणारा. लिहिलेलं बरंचसं त्याच्यासाठी आहे. ४एल६०ईचं वेगळं तेवढं पुढे येईल.

आधी ऑइल. ट्रक सपाट जागी उभा करा, वीस-पंचवीस मिनिटं चालवून गरम झालेला असू द्या. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमधून एकदा फिरवा, पार्कमध्ये आणा आणि इंजिन चालूच ठेवून डिपस्टिक काढा. इंजिन ऑइलच्या सवयीने इंजिन बंद करून मोजलं तर कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलने जोडणारा भाग) ऑइल खाली उतरतं, पातळी जास्त दिसते आणि कमी असूनही पुरेसं आहे असं वाटतं. गरम असताना खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत अंतर फक्त एका पाइंटचं, म्हणजे साधारण अर्ध्या लिटरचं असतं. म्हणून ओतताना घाई नको. पातळी जास्त झाली तर आतले फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, आणि फेसात हवा असल्यामुळे दाब बसत नाही. शिवाय ते व्हेंटमधून बाहेर येतं आणि सील फुटल्याचा भास होतो.

काठीवरचा थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टिपा. लालसर किंवा तपकिरीकडे झुकलेला लाल असेल तर ठीक. काळपट आणि करपलेल्या पोळीसारखा वास येत असेल तर क्लचच्या प्लेटा जळल्यात. गुलाबी, दुधासारखं ऑइल दिसलं तर तिथेच थांबा. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय. त्या पाण्याने प्लेटांवरचं अस्तर चिकटवलेला गोंद सुटतो. असा ट्रक एक दिवसही चालवू नये.

आता ती केबल. तिचं नाव टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल. बरेच जण तिला किकडाउन केबल म्हणतात आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. जनरल मोटर्सच्याच जुन्या तीन गिअरच्या टीएच३५० मध्ये तशी केबल असते, ती फक्त जोरात पेडल दाबल्यावर खालचा गिअर पाडते. तिथे दाबाचं काम इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा मॉड्युलेटर करतो. ७००आर४ मध्ये मॉड्युलेटरच नाही. तुम्ही पेडल किती दाबलंय हे गिअरबॉक्सला कळण्याचा हा एकमेव रस्ता आहे, आणि त्यावरून तो दोन गोष्टी ठरवतो: गिअर केव्हा बदलायचा, आणि क्लच किती दाबाने धरायचा. केबल सैल असेल तर गिअर लवकर आणि मऊ पडतात. चालवणाऱ्याला ते छानच वाटतं. पण मऊ म्हणजे प्लेटा घसरत घसरत पकडतायत. सगळ्यात आधी बळी जातो तो ३-४ क्लच, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या गिअरचा, कारण त्याला आत जागा मुळातच अपुरी मिळालेली आहे. मागे सामान भरून एक चढ चढला तरी तो जळू शकतो. उलट केबल फार ताणलेली असेल तर गिअर उशिरा, झटक्याने पडतात. ते त्रासदायक असतं, पण घातक नाही. शंका असेल तर ताणलेल्या बाजूला चूक बरी.

जुळवणी इंजिन बंद ठेवून करायची. थ्रॉटल बॉडीपाशी केबलच्या टोकाला एक छोटी धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी असते. ती अंगठ्याने दाबून धरा आणि सरकणारा भाग मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) दिशेने, पूर्ण टेकेपर्यंत ढकला. पट्टी सोडा. आता थ्रॉटलचा लिव्हर हाताने, थ्रॉटल पूर्ण उघडेपर्यंत फिरवा. सरकता भाग टक टक टक आवाज करत स्वतःच पुढे येतो आणि योग्य जागी थांबतो. काम दोन मिनिटांचं, पण आधी एक खात्री हवी. कुणाला तरी आत बसवून पेडल जमिनीपर्यंत दाबायला सांगा आणि थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का ते बघा. जाड मॅट किंवा ताणलेली थ्रॉटल केबल यामुळे तो पाऊणच उघडत असेल तर केबल हाताने बरोबर लावूनही रस्त्यावर पूर्ण दाब कधीच मिळणार नाही. मग टीव्ही केबल हाताने ओढून सोडा. ती स्वतःच्या जोराने, न अडकता परत गेली पाहिजे. एक्झॉस्टला टेकून आतली नळी वितळलेली असेल तर ती मध्येच अडकते. अशा केबलला ऑइल पाजत बसू नका, नवी घ्या. खालचं टोक गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला पॅनच्या (तळाच्या ऑइलच्या थाळीच्या) जरा वर एका बोल्टने बसलेलं असतं, तिथलं रबरी सीलही त्याच वेळी बदला. पॅन गळतोय असं वाटतं तेव्हा बरेचदा तेच गळत असतं.

बरेच ७००आर४ मेलेत ते कार्ब्युरेटर बदलल्यामुळे. मूळचा काढून दुसऱ्या बनावटीचा बसवला की त्याच्या लिव्हरवर केबल अडकवायचं भोक शाफ्टपासून वेगळ्या अंतरावर येतं. पूर्ण उघडल्यावर केबल बरोबर ताणली जाते, पण अर्ध्या थ्रॉटलला ती जितकी ओढली जायला हवी तितकी जात नाही. रोजचं चालवणं सगळं अर्ध्या थ्रॉटलवरच असतं. अशा बदलासाठी भोकाची जागा दुरुस्त करणारा ब्रॅकेट मिळतो. तो बसवल्याशिवाय ट्रक गल्लीच्या बाहेरही नेऊ नये.

केबल बरोबर लागली की नाही याचा पुरावा दाबाच्या गेजवर दिसतो. गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला, शिफ्ट लिव्हरच्या वर, एक अष्टमांश इंच पाइप-आट्यांचा प्लग असतो. तिथे ३०० पीएसआयपर्यंतचा गेज लावा, इंजिन चालू करा आणि पार्कमध्ये केबल हाताने हळूहळू ओढा. काटा केबलबरोबर सलग वर चढला पाहिजे. तो हलतच नसेल, किंवा एकदम उडी मारत असेल, तर आतला थ्रॉटल व्हॉल्व्ह अडकलाय. केबल कितीही जुळवली तरी ते बरं होणार नाही.

एवढं करूनही दोष राहिला तर पुन्हा गिअरांच्या हिशोबाकडे. हा हिशोब पाठ झाला की निम्मे गैरसमज मिटतात. पुढे जाताना चारही गिअरमध्ये फॉरवर्ड क्लच धरलेला असतो. दुसऱ्यात त्याच्या जोडीला २-४ बँड, म्हणजे ड्रमभोवती आवळणारा पट्टा, येतो. तिसऱ्यात बँड सुटतो आणि ३-४ क्लच धरतो. चौथ्यात ३-४ क्लच आणि बँड दोन्ही. रिव्हर्समध्ये रिव्हर्स इनपुट क्लच आणि लो-रिव्हर्स क्लच.

तेव्हा पहिला-दुसरा चांगला, पण तिसऱ्यात जाताना इंजिन एकदम मोकळं सुटत असेल, तर ३-४ क्लच जळला. दुसरा आणि चौथा नाही पण रिव्हर्स व्यवस्थित असेल, तर सन शेल ठीक आहे, दोष बँडमध्ये किंवा त्याच्या सर्व्होमध्ये, म्हणजे बँड आवळणाऱ्या पिस्टनमध्ये. हा फरक फार मोलाचा, कारण सर्व्हो बाहेरून काढता येतो. गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला गोल झाकण, तारेच्या रिंगने धरलेलं. एक्झॉस्ट आडवा येत असेल तर तो थोडा सोडवावा लागतो. झाकण आत दाबून रिंग काढायची आणि पिस्टनवरच्या सीलला चीर गेलीय का, ती दगडासारखी कडक झालीय का ते बघायचं. काही डॉलरच्या सीलवर दुसरा गिअर परत आला, असं होऊ शकतं. बँडचं अस्तरच संपलं असेल तर मात्र उतरवण्याला पर्याय नाही.

फक्त रिव्हर्स नसेल तर लिव्हर १ वर ठेवून उतारावर पेडल सोडा. इंजिनने ब्रेक लावल्यासारखा ट्रक धरला, तर लो-रिव्हर्स क्लच जिवंत आहे आणि दोष रिव्हर्स इनपुट क्लचचा. धरला नाही तर उलट.

पहिल्यातून पुढे गिअर पडतच नसेल तर गव्हर्नर बघा. तो डाव्या बाजूला मागे, पत्र्याच्या वाटीसारख्या झाकणाखाली असतो. वेग किती आहे हे तो ऑइलच्या दाबाने सांगतो. त्याचं छोटं गिअर प्लास्टिकचं असतं आणि त्याचे दात झिजतात. कधी फक्त कचऱ्याने व्हॉल्व्ह अडकलेला असतो. हेही बाहेरूनच होणारं काम. पुढे-मागे काहीच होत नसेल तर ऑइल, मग शिफ्टची जोडणी, मग फिल्टर, आणि सगळ्यात शेवटी पंप. शिफ्टची जोडणी जुनाट होऊन लिव्हर डीवर आणि आतला व्हॉल्व्ह मध्येच, असं होतं, आणि तेवढ्याने क्लचला दाब अर्धवट मिळतो.

पॅन उतरवण्याचं काम घरी सहज होतं. ट्रक भक्कम जॅक स्टँडवर, चाकांना लाकडी ठोकळे. ऑइल कोमट असू द्या, उकळतं नको, हात भाजतात. मूळच्या पॅनला ड्रेन प्लग नाही, म्हणून मागच्या एका कोपऱ्यातले बोल्ट पूर्ण काढायचे, बाकीचे चार-पाच आटे सैल करायचे आणि पॅन त्या कोपऱ्याकडे कलू द्यायचा. एकूण १६ बोल्ट. खाली मोठी परात हवी, जवळजवळ ४.७ लिटर, म्हणजे ५ क्वार्ट ऑइल येतं. कन्व्हर्टरसकट पूर्ण गिअरबॉक्समध्ये ११ लिटरच्या आसपास असतं. म्हणजे एका वेळी निम्म्यापेक्षाही कमीच बदलतं. ऑइल फार मळकं असेल तर पाचशे मैल चालवून पुन्हा एकदा पॅन उतरवणं हे मशिनने फ्लश करण्यापेक्षा मला जास्त पटतं.

पॅनमधलं चुंबक हा इथला सगळ्यात बोलका भाग. बोटाने पुसा. राखाडी, मऊ, ग्रीससारखा थर असेल तर ती वर्षानुवर्षांची साधी झीज. चमकणारे, बोटाला टोचणारे लोखंडाचे कण असतील तर कुठलं तरी बेअरिंग, दात किंवा शेल झिजतोय. चुंबकाला न चिकटणारे पिवळे कण बुशचे, पांढरट चकाकते अ‍ॅल्युमिनियमचे. तळाशी काळा, कोळशाच्या पुडीसारखा गाळ जास्त असेल तर ते क्लचचं अस्तर. अशा वेळी नवीन ऑइलने गिअरबॉक्स मरतो हा समज पसरलाय. ऑइलने तो मरत नाही. आधीच संपत आलेल्या प्लेटांना नवं ऑइल वाचवू शकत नाही, एवढंच.

फिल्टर स्क्रूने नाही, नुसता मानेवर दाबून बसलेला असतो, आणि ती मान एका सीलमध्ये घुसते. फिल्टर ओढून काढताना सील बहुधा वरच्या भोकातच राहतं. तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. टॉर्चने वर बघा. जुनं सील काळं किंवा पितळी कडासारखं दिसतं आणि ते भोकाचाच भाग वाटतं. छोट्या स्क्रूड्रायव्हरने त्याची कड आत वळवून बाहेर काढा, पण भोकाच्या अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा नको. नवं सील योग्य मापाच्या सॉकेटवर ठेवून हलके ठोकून बसवा, आत व्हॅसलीनचं बोट फिरवा. चाकाचं ग्रीस नको, ते विरघळत नाही. सील नीट बसलं नाही तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. मग थंड इंजिनवर शिट्टीसारखा आवाज येतो, गिअर टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, आणि लोक पंप बदलायला निघतात. जुना आणि नवा फिल्टर शेजारी ठेवून उंची जुळवून बघा. पॅन उथळ आणि खोल असे दोन प्रकारचे मिळतात, त्यांचे फिल्टर वेगळे.

पॅनची कड लाकडाच्या सपाट तुकड्यावर ठेवा. आधीच्या कुणीतरी जास्त आवळल्यामुळे बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वर उचललेला असतो, तो हातोड्याने हळू सपाट करा. गॅस्केट कोरडंच बसवायचं, सिलिकॉन लावू नका. त्याचा तुकडा सुटून व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचा दाब वाटून देणाऱ्या भागात) गेला तर बारीक वाट बुजते. बोल्ट मधून कडेला, आलटून पालटून, ८ ते १० फूट-पाउंड. हातात साधा लांब पाना असेल तर हे किती कमी आहे त्याचा अंदाज येत नाही, म्हणून टॉर्क पाना वापरा.

ऑइल डेक्सरॉन. डेक्सरॉन ३ चा परवाना जनरल मोटर्सने २००६ अखेर बंद केला, त्या जागी डेक्सरॉन ६ चालतं. फोर्डचं टाइप एफ टाकू नका, त्याची पकड वेगळी असते. आधी ४ क्वार्ट ओता, इंजिन चालू करा, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा आणि मग थोडं थोडं ओतत काठीवर बघा.

लॉकअपबद्दल थोडं. ताशी ४५ मैलांच्या पुढे, हलक्या पेडलवर कन्व्हर्टर आतून कुलूपबंद होतो. तो वेग धरून डाव्या पायाने ब्रेक नुसता हलका टेकवा. इंजिनचे फेरे दोन-चारशेने वर गेले आणि पाय काढल्यावर परत खाली आले तर लॉकअप चालू आहे. काहीच हललं नाही तर आधी ब्रेक पेडलवरचा स्विच तपासा. लॉकअपच्या सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची, १२ व्होल्टची वायर त्याच्यातूनच जाते. लॉकअप नसलेला ट्रक हायवेवर तासन्‌तास चालला तर ऑइल तापत राहतं. ८० ते ९५ अंश सेल्सिअस ठीक आहे. १२० च्या वर गेलं की सील कडक होऊ लागतात. उलट सिग्नलला थांबताना क्लच न दाबल्यासारखं इंजिन बंद पडत असेल तर लॉकअप सुटत नाहीये. मागे ट्रेलर असेल तर ओव्हरड्राइव्हमध्ये चालवू नका, लिव्हर तिसऱ्यावर ठेवा. नाहीतर तिसऱ्या-चौथ्यात सारखी ये-जा होत राहते आणि ती ३-४ क्लचला भोवते.

४एल६०ई मध्ये टीव्ही केबल आणि गव्हर्नर नाहीत, ते काम संगणक आणि सोलेनॉइड करतात. आतला सांगाडा मात्र तोच, म्हणून सन शेलचं आणि ३-४ क्लचचं वरचं सगळं जसंच्या तसं लागू. तिथे एक लक्षण लक्षात ठेवा: ट्रक डीमध्ये तिसऱ्यातच उचलतो, जड वाटतो, आणि रिव्हर्स झटक्याने पडतो. दोन्ही शिफ्ट सोलेनॉइडना वीज मिळाली नाही की तिसरा गिअर मिळतो, आणि दाब कमाल पातळीला जातो. फ्यूज आणि गिअरबॉक्सवरच्या कनेक्टरचे पिन बघण्याआधी असा गिअरबॉक्स उतरवणं हा पैशांचा अपव्यय आहे. १९९६ नंतरच्या ट्रकात संगणकाने नोंदलेला दोषाचा कोड वाचता येतो. पी १८७० आला तर बहुतेकदा व्हॉल्व्ह बॉडीत लॉकअपच्या व्हॉल्व्हचं भोक झिजलेलं असतं.

आणि उतरवावाच लागला, तर काम देताना तीन गोष्टी स्पष्ट बोला. सन शेल कडक केलेला, सुधारित प्रकारचा बसवा. ३-४ क्लच जळला असेल तर नुसत्या प्लेटा बदलून भागत नाही. सर्व्होच्या भोकात तिसऱ्या गिअरच्या अ‍ॅक्युम्युलेटरची (गिअर पडतानाचा झटका मऊ करणाऱ्या भागाची) एक छोटी गोळी-कॅप्सूल असते, ती गळते का हे ऑइल ओतून तपासा. तीच गळत असेल तर नव्या प्लेटाही जळतील. आणि कूलर. जळलेल्या गिअरबॉक्सचा सगळा गाळ रेडिएटरमधल्या कूलरमध्ये आणि नळ्यांत साचलेला असतो. तो दोन्ही बाजूंनी धुऊन घ्या, आणि गिअरबॉक्स बसवल्यावर परतीची नळी बादलीत सोडून इंजिन चालू करा. वीस सेकंदांत एक क्वार्ट येत नसेल तर ताबडतोब इंजिन बंद करा आणि तो कूलर फेकून नवा लावा.